मुकं बटण

दार उघडलं ते पांढऱ्या पातळातल्या एका ठेंगण्या आजींनी. त्यांनी आधी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग खांद्यावरच्या पिशवीकडे, आणि विचारलं, "त्या पेट्या जमवणाऱ्या तुम्हीच काय?"

"हो. पद्मा मगदूम. मिरजेहून आले."

"मला वाटलं कोणी चष्मेवाला बाप्या असेल. या. चपला आत घ्या, शेजारचं कुत्रं पळवतंय."

मी चपला हातात घेऊनच आत गेले. सांगलीतलं साधं बैठं घर. भिंतीवर बुद्धिबळ स्पर्धांचे फोटो ओळीने लावलेले, आणि प्रत्येक फोटोत एकच उंच, काटकुळा माणूस हात मागे बांधून उभा. खेळणारे बसलेले, हा उभा. ते शिरगुप्पे सर. जिल्ह्यातल्या स्पर्धांचे पंच. त्यांना जाऊन तेव्हा काही महिने झाले होते.

"मी त्याची थोरली बहीण," आजी म्हणाल्या. "सगळे आक्काच म्हणतात, तुम्हीपण म्हणा. सुनीती, आल्या बघ त्या. आता एकदाचं त्या टीं-टूंचं काय ते कर."

"टीं-टूं?" मी विचारलं.

"तर. माझ्या भावाचं खूळ. संध्याकाळ झाली की बसायचा त्या पेटीपुढे. टीं. मग जरा वेळाने टीं-टूं. मग परत टीं. शेवटी शेवटी तर रोज. मी म्हणायची, माणसांशी बोल रे, त्या डब्याशी काय बोलतोस."

म्हाताऱ्या माणसाला यंत्राचा आवाज इतका हुबेहूब काढता येतो हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या आवाजात त्यांनी सूर खाली उतरवला होता, जिना उतरताना एक पायरी चुकावी तसा. तो मला ओळखीचा वाटला. पण तेवढ्यात सुनीती बाहेर आली आणि मी ते मागे टाकलं.

मी कोण, तेही सांगते. मिरजेत मार्केटजवळ माझं साड्यांना फॉल-पिको करायचं दुकान आहे. शिक्षण म्हणाल तर दहावी, तीही दमून. जुन्या बाजारात एकदा मुलासाठी म्हणून दिवे लागणारा एक बुद्धिबळाचा पट घेतला. आत बसवलेलं यंत्र तुमच्याशी खेळतं, असा. मुलाचं मन दोन दिवसांत उडालं. मी मात्र त्याच्या पाठीचे स्क्रू उघडून बघितले आणि तिथेच अडकले. मला बुद्धिबळ फारसं येत नाही, आजही नाही. मला नाद आहे तो वेगळाच. एकाच मॉडेलच्या दोन पेट्या घ्यायच्या आणि त्या कुठे एकसारख्या नाहीत ते शोधायचं. एकाच गाठोड्यातून आलेल्या दोन साड्यांचा काठ कधी एक नसतो, ते ज्याला दिसतं त्याला माझं म्हणणं कळेल. पहिल्या खेपेला बटणं काळी, पुढच्या खेपेला तपकिरी. आधीच्या पेटीला चार स्क्रू, नंतरच्या पेटीला दोनच, कारण कारखान्यात कोणीतरी हिशेबी माणूस आला असणार. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, लोक देवळं बघायला जातात, ही डब्यांच्या पाठी बघते. तरी मोबाईलवर फोटो धाडायचं नवंनवं होतं तेव्हा त्यानेच मला ते शिकवलं, आणि पेट्यांचे ते फोटो हातोहात फिरले म्हणूनच सुनीतीला माझा पत्ता लागला.

फोनवर ती एवढंच म्हणाली होती, "बाबांची पेटी आहे. कॅव्हेलियर. सेल गळलेत. आत डाव आहे, तो मला हवाय. डाव निघाला की पेटी तुम्ही ठेवून घेतलीत तरी चालेल."

कॅव्हेलियर माझ्याकडे दोन होत्या, पहिल्या खेपेची आणि दुसऱ्या खेपेची. तिने पाठवलेल्या फोटोत जी दिसत होती ती दोन्हींपैकी कुठलीच नव्हती. रात्रभर मला झोप नाही, हे कबूल करायला हरकत नाही.

पेटी बैठकीच्या खोलीत नव्हती. स्वयंपाकघराकडे जायच्या बोळात, भिंतीला लावलेल्या अरुंद टेबलावर होती. येता-जाता कोणाच्याही कमरेला लागेल अशा जागी. वर क्रोशाचा रुमाल. सुनीतीने तो उचलला. चाळिशी ओलांडलेली, बारीक, गळ्यात नवं कोरं काळ्या मण्यांचं मंगळसूत्र. वयाच्या मानाने फार नवं.

"सोंगट्या?" मी विचारलं, कारण पट रिकामा होता.

"दिवसकार्याला माणसं आली तेव्हा मी भरल्या डब्यात," आक्का म्हणाल्या. "पोरं घोडे उचलून नेत होती."

"म्हणून तर," सुनीती म्हणाली. "सोंगट्या कुठे होत्या ते आता फक्त पेटीला माहीत आहे."

"चालू करून बघितलीत?"

"एकदाच. दिवा मिणमिणला आणि असा रडका आवाज आला. मी घाबरून लगेच बंद केली. परत हात लावला नाही."

"फार बरं केलंत."

मी खाली बसले आणि पेटीच्या उंचीला डोळे आणले. पटावरची अक्षरं सोनेरी, म्हणजे दुसऱ्या खेपेची. बटणं काळी, म्हणजे पहिल्या खेपेची. कारखाने काही फेकत नाहीत. जुनी बटणं उरली असतील, नव्या पटाला लावून टाकली असतील. बटणांच्या रांगेत शेवटून दुसऱ्या बटणावर काहीच लिहिलेलं नव्हतं. पहिल्या खेपेत ते तसंच असतं, कोरं. दाबलं तरी काही होत नाही.

"ते मुकं बटण," सुनीती म्हणाली. माझं बोट तिकडे गेलेलं तिने पाहिलं होतं. "बाबांनी ही पेटी त्याच्यासाठी तर पसंत केली. बुद्धिबळ मंडळात अशीच एक होती, तिच्यावर तिथे चाल परत घ्यायचं बटण होतं. बाबांनी त्याच्यावर चिकटपट्टी मारून ठेवली होती. भाचा मस्कतहून ही घेऊन आला तेव्हा म्हणाले, बघ, ही खरी पंचाची पेटी. परत घ्यायची सोयच नाही."

"कडक होते."

"खेळताना सोंगटीला हात लागला की तीच खेळायची. चाल केली की केली. मी सात वर्षांची असल्यापासून."

आक्का स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "भाजी चिरायला घेतली तरी म्हणायचा, हात लावलास ना दोडक्याला, आता दोडकाच कर."

सुनीती हसली नाही. तिने विचारलं, "निघेल का हो डाव?"

मी तिला समजावून सांगितलं. ही पेटी बंद केली तरी सेलमधून थेंबभर वीज आत झिरपत राहते आणि त्यावर डाव जिवंत राहतो. ती धार क्षणभर तुटली की संपलं. पुन्हा चालू करावी तर सगळ्या सोंगट्या आपल्या पहिल्या घरी, काही घडलंच नाही अशा. आता सेल गळलेले, आज ना उद्या धार आटणारच. बदलायला हवेत. पण सेल बसतात टॉर्चसारख्या नळीत, एकामागे एक, आणि नळीच्या पिळाच्या झाकणालाच आतून स्प्रिंग. झाकण अर्धा पीळ सैल केलं तरी धार तुटणार.

"मग हे?" तिने पेटीच्या बाजूचं बारीक भोक दाखवलं. "इथे अडॅप्टर लागतो ना? तो लावून ठेवू आणि मग सेल काढू."

"दुसऱ्या खेपेची असेल तर तसंच करायचं. पण पहिल्या खेपेच्या भोकात आत एक पितळी पत्ती असते. प्लग शिरला की तो पत्तीला बाजूला ढकलतो. आधी सेल सुटतात, मग अडॅप्टर लागतो. मधला क्षण आपल्याला कळतसुद्धा नाही, पण पेटीला पुरतो."

"आणि ही कुठल्या खेपेची?"

"वरून अर्धी अशी, अर्धी तशी. तेच बघायला आले."

पिशवीतून घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग काढलं, पेनएवढा टॉर्च काढला, आणि पोराचा कान तपासावा तशी भोकात डोकावले. आधी कोळिष्टक दिसलं. ते काडीने काढलं. त्याच्यामागे पिवळी, पातळ, किंचित वाकलेली पत्ती.

"आहे का?" सुनीतीने विचारलं.

"आहे."

"म्हणजे पहिल्या खेपेची."

"भोक तरी पहिल्याच खेपेचं."

ती भिंतीला टेकून उभी राहिली. आक्का हात पुसत बाहेर आल्या आणि आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत राहिल्या. त्यांच्या कानांच्या पाळ्या कुड्यांच्या वजनाने लांबलेल्या. एका पाळीत कुडी नव्हती, तिथे कडुलिंबाची काडी खोचलेली.

माझी नजर त्या काडीवरच राहिली.

"हे काय, आक्का?"

"कुडी दुरुस्तीला दिलीय. भोक बुजू नये म्हणून काडी घातली. कानाला कळत नाही आत सोनं आहे का लिंब."

खरं सांगायचं तर कल्पना माझी नव्हे, त्या कानाची. पत्तीला ढकलायचं कशाला? नुसतं टेकायचं. सुई आत घालायची, पत्तीला अलगद टेकवायची, आणि त्या सुईतून बाहेरची वीज द्यायची. पत्ती आपल्या जागेवरून हलत नाही, तोवर जुने सेल आणि बाहेरचे सेल दोन्ही मिळून पेटीला पाजत राहणार. मग झाकण उघडलं तरी पेटीला कळणार नाही, आत सोनं आहे का लिंब.

माझ्याकडे सुया तर असतातच. सर्वांत लांब निवडली, टोक सोडून बाकी सगळीवर चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे मधे कुठे चिकटायला नको. नव्या सेलचा डबा पिशवीत होता, तेवढ्याच ताकदीचा. त्याची एक तार सुईला, दुसरी भोकाभोवतीच्या पितळी कड्याला.

"आता मी ही सुई धरून बसणार," मी सुनीतीला म्हटलं. "माझा हात हलायला नको. झाकण उघडणं, सेल काढणं, साफ करणं, नवे घालणं, सगळं तुम्ही करायचं. पेटी हलवायची नाही."

"तुमचा हात कापला तर?"

"बाई, जरीच्या साडीवर दिवसभर सुई चालवते. कापला तर साडीवाली मला कापते."

श्वास धरून सुई आत घातली. पत्तीला टेकल्याचं बोटाला कळलं, कापडाखाली जर लागते तसं. "उघडा," मी म्हटलं.

सुनीतीने झाकण फिरवलं. ते चिकटलेलं होतं, करकरलं, मग सुटलं. आतून पांढरं-हिरवट पीठ सांडलं. पहिला सेल निघाला. दुसरा अडकून बसला.

"लाटण्याने ठोकू का?" आक्का म्हणाल्या.

"आक्का, तुम्ही लिंबू आणा," मी म्हटलं. "अर्धं चिरून. आणि विणायची सुई असेल तर ती."

लिंबाचा रस, विणायची सुई, जुनं फडकं. सुनीती हळूहळू ते पीठ विरघळवत होती. माझं नाक तिच्या कोपरापाशी. मला हलता येत नव्हतं आणि तिला वर बघता येत नव्हतं. अशा वेळी माणसं बोलतात. माझ्या दुकानातही बाया अशाच बोलतात, माझं डोकं मशीनवर वाकलेलं असताना.

"आम्ही समोरासमोर बसून कधी खेळलो नाही, मी मोठी झाल्यावर," ती म्हणाली. "म्हणून पेटी इथे बोळात. मी सकाळी ऑफिसला जाताना एक चाल करायची. बाबा संध्याकाळी फिरून आले की एक. पेटीने नुसतं बघायचं, कोणी चुकीची चाल केली तर ओरडायचं. एक डाव महिनाभर चालायचा."

"रोज एकच चाल?"

"रोज. भांडण झालं तरी. किंबहुना, भांडण झालं तर ऑफिसातून आले की आधी इकडे बघायची. चाल केलेली असली की समजायचं, राग गेला. तोंडाने कधी म्हणाले नाहीत."

"आणि तुम्ही?"

"मीही नाही. मला कुठे येतं."

दुसरा सेल सुटून तिच्या हातात आला. तिने तो फडक्यावर ठेवला.

"तोडकरांशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा बोलले मात्र," ती म्हणाली. "पुष्कळ बोलले. कारण काय, माहीत आहे? कॉलेजात असताना हे स्पर्धेत खेळत होते. बाबा पंच. समोरच्याने तक्रार केली, याचा हात घोड्याला लागला आणि हा उंट खेळतोय. हे म्हणाले, लागला नाही. बाबांनी निर्णय दिला, लागला. डाव गेला. वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बाबांनी ती धरून ठेवलेली. म्हणे, हात लावून नाही म्हणणारा माणूस माझ्या घरात येणार नाही."

"लागला होता का हात?"

"मी हेच विचारलं बाबांना. म्हटलं, तुम्ही टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होता, तुम्हाला दिसलं होतं का? म्हणाले, मी निर्णय दिला की दिला. म्हटलं, एकदाही वाटलं नाही, तो खरं बोलत असेल? तर म्हणाले, जायचं तर जा, परत येऊ नकोस."

स्वयंपाकघरात भांडं वाजायचं थांबलं होतं.

"त्या सकाळी बॅग घेऊन निघाले तेव्हा इथूनच गेले. आदल्या संध्याकाळी त्यांनी चाल केलेली होती. माझा वजीर मारला होता. मी डोकं ठिकाणावर नसताना तो उघड्यावर सोडला होता, त्यांनी घोड्याने उचलला. दिवा माझ्या बाजूला. माझी चाल. मी केली नाही. तशीच गेले. म्हटलं, बसू दे वाट बघत." तिने नळीच्या आत बोट फिरवून कोरडं झालं का ते बघितलं. "दीड महिन्याने ते गेले. ती चाल माझ्याकडे राहिली. मला फक्त ती करायचीय. हरलेलाच डाव आहे. पण माझी चाल आहे."

"नवे सेल घाला," मी म्हटलं. "टोक आतल्या बाजूला. झाकण घट्ट."

तिने घातले. पीळ बसल्याचा आवाज आला. मी सुई बाहेर काढली, आणि हाताला मुंग्या आल्याचं तेव्हा कुठे कळलं.

"करा चालू."

"तुम्ही करा."

"पेटी तुमची आहे."

तिने बटण सरकवलं. पेटी टीं झाली, ठणठणीत. कडेचा एक लाल दिवा लागला.

आम्ही तिघी बघत राहिलो. बाजूला दोन दिवे असतात, एक पांढऱ्याचा, एक काळ्याचा. ज्याची चाल, त्याचा दिवा. सुनीती पांढऱ्याने खेळायची. दिवा काळ्याचा लागला होता.

"गेला," ती म्हणाली. "डाव गेला."

"थांबा. डाव गेला असता तर नवा डाव दिसला असता, आणि नवा डाव पांढराच सुरू करतो. पांढऱ्याचा दिवा लागला असता. हा काळ्याचा आहे. डाव आत आहे."

"पण चाल माझी होती. मी सांगते ना, माझी होती."

"तुम्ही गेल्यावर कोणी हात लावला?"

"मी नाही बाई," आक्का म्हणाल्या. "मी नुसत्या सोंगट्या उचलल्या, पेटी बंद होती."

मला तेव्हा खरोखर भीती वाटली. सुईने काही बिघडलं का? एखादी चाल सांडली का आतल्या आत? म्हटलं, अंदाज नको, पेटीलाच विचारू. या पेटीत एक सोय आहे. सोंगटीचं बटण दाबलं की ती कुठल्या घरात उभी आहे ते पटाच्या कडेचे दिवे दाखवतात. त्याने डाव हलत नाही. मी आक्कांकडून सोंगट्यांचा डबा मागून घेतला, पेढ्यांचा होता, आणि आम्ही एकेक करून लावायला लागलो. मी बटण दाबायची, सुनीती दिव्यांवरून घर शोधायची, सोंगटी ठेवायची. राजे. हत्ती. तिला प्रत्येक घर आठवत होतं. "हो, इथेच. हो. हे प्यादं मी उगाच पुढे घेतलं होतं."

मग मी पांढऱ्या वजिराचं बटण दाबलं. खरं तर सवयीने. मारलेला वजीर, दिवा लागायला नको.

दिवे लागले.

सुनीती हातातला वजीर धरून तशीच उभी. "हे चुकीचं आहे," ती म्हणाली. "इथून तर त्यांनी तो मारला."

"याच घरातून?"

"याच. इथे त्यांचा घोडा हवा."

मी घोड्याचं बटण दाबलं. घोडा त्या घरात नव्हता. मागे होता, जिथून उडी मारायची तिथे, उडी न मारलेला.

मी बटणांच्या रांगेकडे बघत होते, त्या कोऱ्या बटणाकडे. आणि मला दारातला तो जिना उतरणारा सूर आठवला. माझ्या घरच्या दुसऱ्या खेपेच्या पेटीत चाल केली की टीं वाजतं. चाल परत घ्यायचं बटण दाबलं की टीं-टूं. पहिल्या खेपेच्या पेटीत तो सूरच नाही, कारण आत ती सोयच नाही.

"आक्का," मी म्हटलं, "तो आवाज परत काढा बघू. संध्याकाळचा."

"कुठला? टीं. मग टीं-टूं."

"दोन्ही याच पेटीतून?"

"दुसरी कुठली आहे घरात?"

बटणं जुनी, भोक जुनं, पण आतला मेंदू नव्या खेपेचा. कारखान्याने उरलेली कोरी बटणं वर लावली आणि त्याखाली नवी सोय तशीच राहिली, नाव न घेता. ते बटण मुकं नव्हतं. आणि सरांना ते कुठे असतं हे पक्कं माहीत होतं. मंडळातल्या पेटीवर नेमक्या त्याच जागी त्यांनी स्वतःच्या हाताने चिकटपट्टी मारली होती.

मी हे सगळं सुनीतीला सांगितलं, जमेल तितकं सरळ. ती ऐकताना पटाकडेच बघत होती.

"म्हणजे त्यांनी..."

"वजीर परत ठेवलाय. चाल मागे घेतली. म्हणून दिवा त्यांच्या बाजूला."

"बाबांनी?"

"पेटी असंच सांगतेय."

"तरीच," आक्का म्हणाल्या. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. "ही गेल्यावर सुरू झालं ते. आधी टीं-टूं. जरा वेळ गप्प. मग परत टीं. मला वाटायचं, खेळतोय. म्हणजे परत घ्यायचा आणि परत मारायचा?"

"तसंच वाटतं."

"रोज?"

"तुम्हीच म्हणालात रोज."

आक्कांनी पदराने नाक पुसलं. "ज्या दिवशी छातीत कळ आली, त्या संध्याकाळी टीं-टूं झालं आणि पुढे काही नाही. मी कढईपाशी होते. म्हटलं, बरं झालं, आज सेल संपले वाटतं."

सुनीतीने हातातला वजीर त्या घरात ठेवला. दाबला नाही, दाबला असता तर पेटीने त्याला चाल समजलं असतं. अलगद ठेवला. घोडा मागच्या घरात ठेवला. मग बोळातल्या त्या अरुंद जागेत, टेबल आणि भिंत यांच्यामध्ये, ती खाली बसली आणि रडली. आक्का उठल्या नाहीत. मला वाटतं त्यांना गुडघ्यांनी उठू दिलं नसावं, पण हात लांब करून त्यांनी तिचं पाऊल धरलं.

मी तारा गुंडाळत राहिले. माझं बोट त्या कोऱ्या बटणापासून वीतभर होतं, आणि मी खोटं कशाला बोलू, मला ते दाबून बघायचं होतं. अशी तिसरी पेटी कोणी पाहिली नव्हती. एकदा टीं-टूं ऐकलं असतं की माझी खात्री.

सुनीतीने डोळे पुसून वर बघितलं. "दाबायचंय ना तुम्हाला?"

"हो."

"दाबलं तर काय होईल?"

"माझं म्हणणं खरं असेल तर आणखी एक चाल मागे जाईल. तुमची, आधीची."

"आणि खरं नसेल तर?"

"तर काहीच होणार नाही."

ती विचार करत राहिली. मला वाटतं ती हो म्हणाली असती, मी आलेय म्हणून, सुई धरली म्हणून. मी हात पिशवीत घातला आणि भिंगाची डबी शोधू लागले. ती वरच होती, तरी बराच वेळ शोधली.

"पेटी न्यायची ना तुम्ही?" तिने विचारलं. "मी तसं म्हटलं होतं."

"घरी जागा नाही," मी म्हटलं. जागा होती. अजून आहे. कपाटात दोन कॅव्हेलियरच्या मधे मी ती मोकळी ठेवलीय. वर्षातून एकदा सुई आणि सेल घेऊन मी सांगलीला जाते, तोडकर रिक्षापर्यंत सोडायला येतात, फार कमी बोलणारे गृहस्थ. घोड्याला हात लागला होता का, ते मी त्यांना विचारलेलं नाही. विचारायची इच्छा मात्र दर वर्षी होते.

त्या दिवशी निघताना सुनीती मला पुन्हा त्या बोळात घेऊन गेली. सगळ्या सोंगट्या लागल्या होत्या. काळ्याचा दिवा लालबुंद, नव्या सेलवर.

"मी माझी चाल करायला म्हणून आले," ती म्हणाली. "आता माझी चालच नाही. मी काय करू?"

मी म्हटलं, "नियमाने काय असतं अशा वेळी? तुम्हाला ठाऊक असेल."

"ज्याची चाल, त्याचा वेळ," ती म्हणाली. "दुसऱ्याने बसून राहायचं. घाई करायची नाही."

आक्कांनी माझ्या पिशवीत उरलेलं अर्धं लिंबू घातलं, कशाला ते त्यांनाच माहीत, आणि क्रोशाचा रुमाल दिव्यावर येणार नाही असा तिरका पांघरला.

"मग करू दे की त्याला विचार," त्या म्हणाल्या. "जन्मात पहिल्यांदा करतोय."